जुनी टपाल तिकिटं माप आणि दात्यांवरून ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच चेहरा, एकच रंग, एकच दर्शनी किंमत. आणि कॅटलॉग उघडावा तर त्याच चित्राखाली पाच-सहा वेगवेगळे क्रमांक. संग्रह करणाऱ्या प्रत्येकाची गाडी इथे एकदा तरी अडते. पुढचे प्रश्न अशाच अडलेल्या लोकांचे आहेत. उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगून ठेवतो: मोजमापाने तिकीट सिद्ध होत नाही, फक्त चुकीचे पर्याय गळतात. माप जुळलं नाही तर प्रश्न मिटला. माप जुळलं तर पुढची तपासणी सुरू.

चित्र तेच असताना माप आणि कडेचे दाते वेगळे का असतात?

कारण तिकीट एकदा छापून संपत नाही. लोकप्रिय तिकीट पाच, दहा, कधी वीस वर्षं छापलं जातं. त्या काळात छापखाना बदलतो, यंत्र बदलतं, कागदाचा पुरवठादार बदलतो, भोकं पाडणारं यंत्र झिजतं आणि त्याच्या जागी नवं येतं. चित्र मात्र तेच राहतं.

ब्रिटनची लाल पेनी, म्हणजे एक पेनीचं लाल तिकीट, हे याचं ठळक उदाहरण. सुरुवातीला ही तिकिटं कात्रीने कापून वापरावी लागत. हेन्री आर्चर नावाच्या आयरिश गृहस्थाने तिकिटांमध्ये भोकांच्या रांगा पाडण्याची कल्पना १८४७ मध्ये टपाल खात्यापुढे मांडली आणि १८५३ मध्ये सरकारने त्याचे हक्क ४,००० पौंडांना विकत घेतले. १८५४ मध्ये लाल पेनी दात्यांसकट आली, तेव्हा तिचं छिद्रण, म्हणजे दोन सेंटिमीटरांतल्या भोकांची संख्या, १६ होतं. भोकं इतकी दाट पडली की शीट हाताळतानाच फाटू लागलं. म्हणून १८५५ पासून १४ आलं. म्हणजे लाल पेनीवरचे दाते मोजले की ती कोणत्या टप्प्यातली, याचा पहिला अंदाज मिळतो.

मोजायचं नेमकं काय: कागद की छपाई?

छपाई. जुनी तिकिटं ओळखण्यासाठी कॅटलॉगमध्ये मापं दिलेली असतात ती बहुधा छापलेल्या चित्राची, बाहेरच्या चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची. आधी रुंदी, मग उंची. कागदाचं माप भोकं कुठे पडली यावर अवलंबून असतं आणि भोकं बरीचशी तिरकीतारकी पडायची. एकाच शीटमधली शेजारची दोन तिकिटंसुद्धा कागदाच्या मापात अर्ध्या मिलिमीटरने वेगळी निघू शकतात. तुमचा कॅटलॉग कुठलं माप देतो, हे त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. ती पानं सहसा कोणी वाचत नाही, पण निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

अर्ध्या मिलिमीटरने खरंच काही फरक पडतो?

पडतो, आणि कधी कधी सगळा फरक तेवढाच असतो.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकिटं सपाट पत्र्यावरून छापत. मग रोटरी यंत्र आलं. त्यात तोच पत्रा वाकवून सिलिंडरवर बसवतात. पत्रा वाकवला की ज्या दिशेने तो वाकतो त्या दिशेने चित्र किंचित ताणलं जातं. त्यामुळे रोटरी यंत्रावरचं तिकीट सपाट छपाईपेक्षा एकतर जरासं रुंद किंवा जरासं उंच निघतं. वाढ अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची.

१९२३ च्या काळातलं फ्रँकलिनचं हिरवं १ सेंट घ्या. सपाट छपाई, छिद्रण ११: भरपूर मिळतं. रोटरी छपाई, छिद्रण १०: तेही भरपूर. पण रोटरीवर छापून ११ ने भोकं पाडलेलं तिकीट दुर्मीळ आहे. कॉइलसाठी, म्हणजे गुंडाळीतल्या तिकिटांसाठी, छापलेल्या कागदाचे उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते ११ च्या यंत्रातून काढले, त्यातून एक प्रकार जन्माला आला. त्याचं चित्र १९¾ × २२¼ मिलिमीटर. रोटरी ११ च्याच दुसऱ्या प्रकाराचं १९¼ × २२¾, आणि त्याची तर मोजकीच तिकिटं माहीत आहेत. सपाट छपाईचं नेहमीचं तिकीट साधारण १९ × २२. चित्रात दुसरा कुठलाही ठळक फरक नाही. पट्टीवरचा हा केसभर फरक नजरेतून सुटला तर तिकीट साध्या ढिगात जातं.

इथे पट्टीपेक्षा सोपी एक जुनी युक्ती आहे. सपाट छपाईचं एखादं फाटकं, टाकाऊ तिकीट घ्या आणि त्याची छपाई चौकटीलगत चारही बाजूंनी नीट कापून काढा. तो तुकडा संशयित तिकिटावर ठेवून एक कोपरा जुळवा. खालचं चित्र वरच्या तुकड्याबाहेर डोकावलं तर ते रोटरीचं. आकडे वाचायची गरज नाही, डोळ्यालाच दिसतं.

एकाच प्रकारच्या दोन तिकिटांचं माप मग जुळत का नाही?

कागद आकसतो म्हणून. जुन्या कोरीव छपाईत कागद आधी ओलसर करत, म्हणजे शाई नीट बसे. छापल्यावर कागद वाळताना आकसायचा, धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणून रोटरीचा निर्णय नुसत्या एका मापावर घेऊ नका. शिवाय पाण्यात भिजवून काढलेलं तिकीट पूर्ण वाळल्याशिवाय मोजायचं नाही. ओलं तिकीट फुगलेलं असतं.

आकारातला फरक डोळ्यांना दिसेल इतका मोठाही असतो का?

हो. कॅनडाच्या राणी व्हिक्टोरियाच्या तिकिटांना मोठ्या राण्या आणि लहान राण्या अशीच नावं पडली आहेत. मोठ्या १८६८ पासूनच्या, लहान १८७० पासूनच्या. ब्रिटनच्या १८७० च्या अर्ध्या पेनीचं तिकीट पेनीच्या जवळपास निम्म्या आकाराचं. दुसऱ्या महायुद्धात कागद वाचवायला दक्षिण आफ्रिकेने १९४२ पासून चिमुकली तिकिटं काढली. सगळ्यात लहान म्हणून कोलंबियातल्या बोलिव्हार राज्याच्या १८६३ च्या तिकिटाचं नाव घेतात: ८ × ९½ मिलिमीटर. हे हरवायला चिमट्यातून निसटलं तरी पुरे.

'छिद्रण १४' म्हणजे तिकिटाच्या एका बाजूला १४ दाते?

नाही, आणि हा सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज आहे. १४ म्हणजे दोन सेंटिमीटर अंतरात १४ भोकं. तिकिटाची बाजू लहान असो की मोठी, आकडा दोन सेंटिमीटरांच्या हिशेबानेच द्यायचा. ही पद्धत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये सुचवली आणि आजवर जगभर तीच चालते.

'१४ × १३½' असं लिहिलेलं कसं वाचायचं?

पहिला आकडा आडव्या बाजूंचा, म्हणजे वरचा आणि खालचा. दुसरा उभ्या बाजूंचा. एकच आकडा दिला असेल तर चारही बाजूंना तेवढंच. क्वचित चारही बाजू वेगळ्या असतात. मग वरच्या बाजूपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आकडे देतात. आडवं चित्र असलेलं तिकीट हातात धरताना चित्र सरळ दिसेल असंच धरायचं, नाहीतर दोन्ही आकडे उलटे लागतात.

गेज कसं वापरायचं?

गेज म्हणजे छिद्रण मोजायची पट्टी. साध्या गेजवर ठिपक्यांच्या रांगा असतात, प्रत्येक रांगेशेजारी आकडा. तिकिटाची कड रांगेवर ठेवा. योग्य रांगेत प्रत्येक भोकात एक ठिपका बसतो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. इथे घाई नडते. पहिले सहा-सात ठिपके बसले की लोक 'जुळलं' म्हणून मोकळे होतात, आणि आठव्यापासून ठिपका भोकाच्या कडेला सरकू लागलेला असतो. १३½ आणि १४ मधला फरक शेवटच्या दोन-तीन भोकांतच कळतो. म्हणून बाजू पूर्ण तपासायची, आणि मोठी बाजू असेल तर तिच्यापासून सुरुवात करायची.

दुसऱ्या प्रकारच्या गेजवर ठिपक्यांऐवजी हळूहळू पसरत जाणाऱ्या रेषा असतात. तिकीट वर-खाली सरकवत दात्यांची टोकं रेषांवर बसवायची आणि बाजूचा आकडा वाचायचा. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश कॅटलॉग कंपनीचं इन्स्टान्टा हे त्यातलं प्रसिद्ध. त्यावर दशांशापर्यंत वाचता येतं, १३.८ की १४.१. रोजच्या कामाला ठिपक्यांचं गेज पुरतं. पण एकदा रेषांचं वापरलं की ठिपक्यांकडे परत जावंसं वाटत नाही. अमेरिकी तिकिटांचे अभ्यासक किउसालास गेज वापरतात. त्यात दोन भोकांमधलं अंतर इंचाच्या हजाराव्या भागात देतात. छिद्रण १२ म्हणजे तिथे ६६, ११ म्हणजे ७२, १० म्हणजे ७९.

कागदावर छापून घेतलेल्या गेजवर भरवसा ठेवू नका. प्रिंटरने प्रतिमा दोन टक्क्यांनी लहान केली तरी १४ चं १३¾ होतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

गेज नसेल तर?

चांगली पट्टी, भिंग आणि थोडं गणित. एका भोकाच्या मध्यापासून दूरच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मधल्या खणांची संख्या, म्हणजे भोकांपेक्षा एक कमी, २० ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या अंतराने भागा. १२ खण १७.१ मिलिमीटरमध्ये बसले तर २४० भागिले १७.१, म्हणजे १४. तेच १२ खण १७.८ मध्ये बसले तर १३½. बघा, सगळा खेळ ०.७ मिलिमीटरचा.

स्कॅनर असेल तर हे काम आणखी अचूक होतं. १२०० डीपीआयवर स्कॅन केलं की दोन सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९४५ पिक्सेल. फोनने काढलेला फोटो मात्र मोजायला घेऊ नका. कॅमेरा जरा तिरका झाला की एक बाजू आपोआप लांब होते.

कोपरे पाहून काही कळतं का?

खूप कळतं. गेज काढायच्या आधी कोपरे पाहावेत, असं माझं मत.

भोकं पाडायच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत एका वेळी एकच रेषा पडते: आधी सगळ्या आडव्या, मग शीट फिरवून सगळ्या उभ्या. या रेषा जिथे छेदतात तिथे भोकांचा मेळ बसेलच असं नाही. म्हणून कोपऱ्यांवरचे दाते कुठे जाड, कुठे तुटके, कुठे दोन भोकं एकात मिसळलेली. दुसऱ्या पद्धतीत यंत्र कंगव्यासारखं असतं आणि एका फटक्यात पूर्ण रांगेच्या तीन बाजू पाडतं, मग एक रांग पुढे सरकतं. इथे कोपरे स्वच्छ आणि सगळ्या तिकिटांचे सारखे. तिसऱ्या पद्धतीत पूर्ण शीट एकदमच. सुटं तिकीट हातात असेल तर दुसरी आणि तिसरी पद्धत वेगळी ओळखणं जवळजवळ अशक्य. जर्मन मिशेल कॅटलॉगमध्ये कंगव्याच्या छिद्रणाला 'के' आणि रेषेच्या छिद्रणाला 'एल' अशी अक्षरं लावलेली असतात, ती याचसाठी.

उपयोग असा: कॅटलॉग म्हणतो कंगवा, आणि तुमच्या तिकिटाचे चारही कोपरे वेडेवाकडे. मग आकडा जुळला तरी थांबा.

दातेच नाहीत. तिकीट खूप जुनं असेल ना?

असेल, किंवा कोणीतरी दाते कापले असतील. १८४० ची काळी पेनी बिनदात्यांची. भारतात सिंध प्रांतासाठी काढलेला १८५२ चा सिंध डाक आणि १८५४ ची कलकत्त्यात शिळाछापावर काढलेली पहिली अखिल भारतीय तिकिटंही बिनदात्यांची. लंडनच्या दे ला रू कंपनीने छापलेली ४ आणि ८ आण्यांची तिकिटं १८५५ मध्ये आली ती १४ छिद्रणाची.

पण ज्या तिकिटाच्या दातेरी आणि बिनदाती अशा दोन्ही आवृत्त्या आहेत आणि बिनदाती महाग आहे, तिथे कात्री चालवायचा मोह कोणाला तरी होतोच. म्हणून कागदाचं माप घ्या. अस्सल बिनदाती तिकिटाला चारही बाजूंनी इतका कागद हवा की दातेरी तिकीट दात्यांसकट कापून तेवढा उरूच शकला नसता. समास अरुंद असेल तर सुट्या तिकिटावर विश्वास ठेवायला नको. जोडी असेल तर प्रश्नच नाही, कारण मधली बाजू कोणी कापलेली नसते.

एक किंवा दोनच बाजू सरळ आहेत?

एक बाजू किंवा लगतच्या दोन बाजू सरळ: शीटच्या कडेचं किंवा पुस्तिकेतलं तिकीट. समोरासमोरच्या दोन बाजू सरळ: बहुतेक कॉइलचं, म्हणजे गुंडाळीतलं. अमेरिकेत कॉइलचं छिद्रण आधी १२ होतं, तेव्हा गुंडाळी हाताळतानाच तुटायची. १९१० मध्ये ८½ केलं, तर ती नीट फाटेना. १९१४ मध्ये १० वर तडजोड झाली. शीटच्या तिकिटांचीही साधारण हीच कथा: १२, मग १०, मग १९१७ पासून ११. हा क्रम लक्षात ठेवला की त्या काळातली वॉशिंग्टन-फ्रँकलिनची बरीचशी तिकिटं बाजूला काढता येतात.

कॉइलची नक्कल करायला दोन बाजू छाटतात. अशा तिकिटाची रुंदी किंवा उंची खऱ्या कॉइलपेक्षा कमी भरते, आणि सरळ कडा एकमेकींना समांतर नसतात.

एका बाजूचा समास फारच रुंद आहे. चुकीची छपाई?

नाही. ब्रिटनच्या एकोणिसाव्या शतकातल्या काही शीटमध्ये तिकिटांच्या गटांमध्ये मोकळी पट्टी असे आणि भोकं त्या पट्टीच्या मधोमध पाडत. पट्टीलगतच्या तिकिटाला एका बाजूला पंख फुटल्यासारखा समास यायचा. कित्येकांनी तो छाटून तिथे खोटे दाते पाडले, तिकीट 'नीट' दिसावं म्हणून.

भोकं नाहीत, पण कडा सरळही नाही. दाते पानाच्या कडेसारखे किंवा नागमोडी आहेत.

मग ते भोकांनी नव्हे, चिरांनी वेगळं केलेलं तिकीट आहे. यात कागद कापतात, पण कागदाचा तुकडा निघून जात नाही. चिरा सरळ असतात, करवतीसारख्या असतात, नागमोडीही. नागमोडीत सगळ्यात प्रसिद्ध फिनलंडची १८६० पासूनची तिकिटं. त्यांच्या लांब जिभांसारख्या दात्यांपैकी एखादा तरी तुटलेला असणं हाच नियम. सगळे दाते शाबूत असलेलं तिकीट दिसलं तर आनंद होण्याआधी भिंग काढा. दाते चिकटवून दुरुस्त केलेले असतात.

दाते खोटे आहेत हे कसं ओळखायचं?

त्याच मालिकेतलं एक स्वस्त, निःसंशय अस्सल तिकीट शेजारी ठेवा. कडेला कड लावली की भोकं एकमेकांसमोर यायला हवीत, आणि भोकांचा व्यासही सारखाच दिसायला हवा. व्यासाकडे लोक लक्ष देत नाहीत. छिद्रण ११ जुळतं, पण भोकं मूळच्यापेक्षा लहान असतात आणि दाते जाड दिसतात.

मग टोकं पाहा. शीटमधून फाडलेल्या दात्याच्या टोकाला कागदाचे तंतू लोंबतात. सरळ बाजूला नंतर भोकं पाडली असतील तर टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट राहतात. चार बाजूंपैकी एकाच बाजूची टोकं अशी असतील तर त्याच बाजूला संशय घ्या.

कधी कधी गेजचा एक आकडाच बनावट उघडी पाडतो. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्यात छापली गेली आणि त्यांचं छिद्रण ११½ आहे. १० रुपयांच्या तिकिटाचे दाते वेगळे भरले तर पुढची तपासणी करायचं कारणच नाही. अधिकृत पुनर्मुद्रणांचंही तसंच. अमेरिकेने १८५७ च्या मालिकेची १८७५ मध्ये पुन्हा छपाई केली तेव्हा छिद्रण १२ ठेवलं, मूळ तिकिटांचं १५ च्या आसपास होतं.

तिकिटाच्या मधोमध भोकांची अक्षरं आहेत.

त्यांचा कडेच्या दात्यांशी संबंध नाही. नोकरांनी तिकिटं चोरून विकू नयेत म्हणून व्यापारी पेढ्या आपली आद्याक्षरं भोकांनी पाडून घेत. ब्रिटनमध्ये याला १८६८ मध्ये परवानगी मिळाली.

काही ठिकाणी दाते गायब, किंवा एखादं भोक लांबट आहे. सदोष तिकीट?

ठरावीक अंतराने गायब असतील तर नाही. नेदरलँड्सने १९२५ पासून विक्रीयंत्रांच्या गुंडाळ्या मजबूत राहाव्यात म्हणून मुद्दाम काही सुया काढून टाकल्या. ब्रिटनच्या १९९३ नंतरच्या नेहमीच्या वापरातल्या तिकिटांवर दोन्ही उभ्या बाजूंना एकेक लंबगोल भोक आहे, ते नकलेला आळा घालण्यासाठी. उलट, एखाद-दुसरं भोक अर्धवट पडलेलं आणि कागद तसाच अडकलेला असेल, तर सुई बोथट होती इतकंच.

माप जुळलं, दाते जुळले. ओळख पटली ना?

पुष्कळदा नाही. दे ला रूने छापलेलं पंचम जॉर्जचं भारतीय तिकीट आणि नाशिकच्या छापखान्यातून १९२६ पासून आलेलं तेच तिकीट, दोन्ही १४ छिद्रणाची. फरक कागदातल्या जलचिन्हात: आधीच्यावर एक तारा, नाशिकच्यावर अनेक तारे. गेज तासभर चालवलं तरी हा फरक कळणार नाही. तिकीट उपडं करून प्रकाशात धरलं तर कळेल. उलट त्रावणकोरच्या शंखाच्या तिकिटांवर शंख तोच राहून छिद्रणाचे इतके आकडे आणि मिश्रणं आहेत की तिथे गेजशिवाय पाऊलही टाकता येत नाही. कोणत्या मालिकेत कुठला धागा ओढायचा, हे कॅटलॉगच्या टिपांतून समजतं.

तिकीट पाकिटावर चिकटलेलं असेल तर?

सोडवू नका. जुन्या पाकिटाची किंमत बहुतेक वेळा सुट्या तिकिटापेक्षा जास्त असते, आणि एकदा सोडवलं की शिक्का आणि पाकीट यांचा पुरावा तुटतो. पारदर्शक गेज वरून ठेवून, नाहीतर स्कॅन करून मोजा. दाते पाकिटाच्या कागदात मिसळलेले दिसतात, म्हणून प्रकाश बाजूने पडू द्या.

तज्ज्ञाकडे कधी पाठवायचं?

मापावरून स्वस्त तिकीट महाग ठरत असेल तेव्हा. फ्रँकलिनच्या रोटरी ११ सारख्या तिकिटाला तज्ज्ञांचं प्रमाणपत्र नसेल तर जाणकार ग्राहक हात लावत नाही. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून हे काम करते, न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन १९४५ पासून. पाठवताना आपली मोजमापं सोबत लिहा: चित्राची रुंदी आणि उंची, चारही बाजूंचं छिद्रण स्वतंत्रपणे, कोपऱ्यांची अवस्था, जलचिन्ह. आणि तिकिटावर हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्टीचा, तुकडा किंवा जुना डिंक असेल तर तो तसाच राहू द्या.